तळ हरवलेला मासा

(शिरूर येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवले. त्यांचा पहिला तास वर्गात झाला नाही. पावसाळा सरल्यावर ते आम्हाला घोडनदीच्या पात्रात घेऊन गेले. गुडघाभर पाण्यात एक मुलगा बोटभर मासा ओंजळीत धरून धावत आला, तेव्हा सरांनी माशाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी विचारले, "कुठल्या दगडाखाली होता?" मुलाला सांगता येईना. सर म्हणाले, "मग तो सोडून दे. दगड सापडला की मासा आपोआप कळेल."

त्या दिवशी आम्हाला तो कडक शिस्तीचा भाग वाटला. पुढे चाळीस वर्षे शिकवताना मला समजले, की प्राणिशास्त्राचे अर्धे सार त्या एका प्रश्नात होते. प्राण्याचे शरीर आणि त्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जागेने शरीर घडवलेले असते आणि जागा काढून घेतली की उरते ते केवळ कलेवर. आज मला हीच गोष्ट मांडायची आहे आणि त्यासाठी मी उदाहरण मुद्दाम फार दूरचे घेतले आहे. ते आहे खोल समुद्रातल्या नळीमाशाचे.

नळीमासा हे नाव मी इंग्रजीतल्या पाईपफिश या नावावरून वापरतो. शिरूरला किंवा दौंडला या माशाला जुने नाव नाही, कारण तो इथे कधी नव्हता. घोड नदी सह्याद्रीत उगम पावते. तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर वाटावा इतका जवळ, पण नदी पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. शिरूरवरून पुढे जाऊन ती दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. एवढा प्रवास उलट करून नळीमासा आपल्यापर्यंत येणे शक्य नव्हते. तरीही त्याचे आणि आपल्या नदीचे एक नाते आहे. ते मी शेवटी सांगेन.

आधी त्याची ओळख करून घेऊ.

आमच्या कॉलेजच्या कपाटात फार वर्षांपासून एक बरणी होती. आत पिवळट पडलेल्या फॉर्मलिनमध्ये एक मासा उभा होता. वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती वाळकी काडी वाटायची. भिंग हातात दिले की मग एकेक गोष्ट दिसू लागे. अंगावर खवला एकही नाही. त्याऐवजी डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडांची कडी, एकाला एक जोडलेली, बांबूच्या पेरांसारखी. प्रत्येक कड्याला धार, त्यामुळे अंग गोल न वाटता कंगोऱ्यांचे वाटते. पोटाखालची पंखांची जोडी, जी बहुतेक माशांना असते, ती नाही. कल्ल्यांचे छिद्र इतके बारीक की शोधावे लागते. आणि तोंड म्हणजे पुढे आलेली एक नळी, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढे तोंड. दात नाहीत. या कुळाचे शास्त्रीय नाव सिंग्नॅथिडी. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जुळलेले जबडे. आपण ज्याला समुद्रघोडा म्हणतो तो याच कुळातला. समुद्रघोड्याची मान सरळ केली आणि शेपटीचा वेटोळा सोडवला, की जवळजवळ नळीमासाच हाती येतो. दोघे मिळून या कुळात सुमारे तीनशे जाती आहेत.

आता या विचित्र शरीराचा अर्थ लावू. हाडांच्या कड्यांमुळे त्याला इतर माशांसारखे अंग वळवून पोहता येत नाही. पाठीवरचा एक छोटा पंख तो इतक्या वेगाने थरथरवतो, की पंख दिसेनासा होतो आणि मासा आहे त्याच आकारात, सरळ उभा किंवा आडवा, हळूहळू सरकत राहतो. मंद मासा शिकार कशी करणार? त्याचे उत्तर तोंडाच्या नळीत आहे. मानेतल्या स्नायूंनी तो कंडऱ्या ताणून ठेवतो, जसा धनुष्याचा दोर ओढून धरावा. कोळंबीचे पिल्लू नळीच्या टप्प्यात आले की ताण सुटतो, डोके झटक्यात वर फिरते, नळीचे टोक भक्ष्यापाशी पोहोचते आणि त्याच क्षणी पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत घडते. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात, म्हणजे शिकार शोधायला अंग हलवावे लागत नाही. पोटात जठर असे नसते, म्हणून अन्न साठवता येत नाही आणि दिवसभर बारीक बारीक खात राहावे लागते.

म्हणजे हे शरीर एका विशिष्ट जागेसाठीच घडले आहे. पाणी संथ हवे, जवळपास गवत, प्रवाळ किंवा स्पंज हवेत, ज्यांच्यात काडीसारखे शरीर मिसळून जाईल. बारीक जीव भरपूर हवेत. ही जागा काढून टाका आणि तेच शरीर वेगवान पाण्यात ठेवा. काल जी चतुराई होती ती आज पांगळेपण ठरेल.

नळीमाशाबद्दल सर्वांत प्रसिद्ध गोष्ट तुम्ही ऐकली असेल. या कुळात गर्भ नर वाहतो. मादी अंडी नराच्या स्वाधीन करते. काही जातींत ती नराच्या उघड्या पोटावर चिकटलेली असतात, काहींत कातडीच्या दोन पडद्यांमध्ये झाकलेली, आणि समुद्रघोड्यात तर पूर्ण बंद पिशवीत. बाप पिल्लांना प्राणवायू पुरवतो, क्षारांचे प्रमाण सांभाळतो आणि बऱ्याच जातींत पोषणही देतो. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, की 'बेलोन' नावाच्या माशाचे पोट फाटते आणि त्यातून पिल्ले बाहेर पडतात. बेलोन म्हणजे सुई. अभ्यासक मानतात, की तो नळीमाशाबद्दल बोलत होता. फक्त ते फाटणारे पोट बापाचे आहे हे त्याला कळले नाही. हा 'बेलोन' शब्द लक्षात ठेवा.

आता खोल पाण्याकडे जाऊ.

बहुतेक नळीमासे उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या गवतात राहतात. काही थोड्या जाती मात्र खोल गेल्या आहेत. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ अर्ल हेराल्ड यांनी १९६५ साली एका जातीला प्रोफंडस हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच खोल. आज तिला कॉस्मोकॅम्पस प्रोफंडस म्हणतात. फ्लोरिडापासून कॅरिबियन समुद्रापर्यंत, सुमारे १८० ते २७० मीटर खोलीवर ती राहते. ही खोली डोळ्यांसमोर आणायची तर उजनी धरण आठवा. त्याची भिंत सुमारे ५६ मीटर उंच आहे. अशा चार भिंती एकावर एक रचल्या, तेवढे पाणी या काडीएवढ्या माशाच्या डोक्यावर असते. दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतका एक दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरवर त्याच्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २१ किलोंचा भार.

त्याहून मोठा बदल उजेडाचा. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळते. थोडे खोल गेले की लाल दिसेनासा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी उरते ती निळसर संध्याकाळ आणि २०० मीटरच्या आसपास तीही संपत येते. तिथे सागरी गवत उगवत नाही, कारण उजेड नाही. गवतात दडण्यासाठी घडलेले शरीर गवत नसलेल्या जागी राहते कसे? तिथे स्पंज आहेत, काडीसारखे उभे मऊ प्रवाळ आहेत, शंखांचा चुरा आहे. त्यांच्या आडोशाने राहणारे हे मासे आहेत. गवत गेले तरी तळ आहे. तळाशिवाय मात्र काही नाही.

याच कुळात काटेरी अंगाचा सोलेग्नॅथस हा मासा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या समुद्रात तो बहुतेक ठिकाणी खोल पाण्यात सापडतो. पण टास्मानियातील डर्वेंट नदीच्या मुखाशी तो पाणबुड्यांना कमी खोलीवरही भेटतो. त्याचे कारण मला फार बोलके वाटते. त्या नदीचे पाणी जंगलातल्या पाल्यापाचोळ्याने चहाच्या रंगाचे झालेले असते. ते समुद्राच्या पाण्यावर गडद थर धरते आणि त्याखाली उजेड कमी होतो. माशाने मीटर मोजलेले नसतात. त्याला अंधार हवा असतो, आणि अंधार वर आला की तोही वर येतो. निवासस्थान म्हणजे नकाशावरचा ठिपका किंवा खोलीचा आकडा नव्हे. उजेड, थंडी, प्रवाह, तळ आणि अन्न यांचा जो मेळ जमतो, त्याला निवासस्थान म्हणतात.

मित्रहो, आता मला एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिच्यात आहे.

नळीमाशांचे सख्खे भाऊबंद म्हणजे समुद्री ड्रॅगन. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांच्या दोन जाती माहीत होत्या. दोघांच्याही अंगावर पानांसारखे पडदे लोंबतात आणि त्यामुळे ते शेवाळात मिसळून जातात. २०१५ साली योसेफिन स्टिलर, नेरिडा विल्सन आणि ग्रेग राऊस या शास्त्रज्ञांना संग्रहालयातल्या नमुन्यांचे गुणसूत्रद्रव्य तपासताना तिसरीच जात सापडली. माणकासारखी गडद लाल. तिचा एक नमुना १९१९ साली पर्थजवळ किनाऱ्यावर वाहून आलेला होता. तो इतकी वर्षे संग्रहालयात, पण ओळखीच्या जातीच्या नावाखाली पडून होता. जाळ्यात आलेला दुसरा एक नमुना पिल्ले वाहणारा नर होता.

म्हणजे मासा हाती होता, शरीर हाती होते, गुणसूत्रेही वाचून झाली होती. तरी तो जिवंतपणी कसा असतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये हे शास्त्रज्ञ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रिशर्श द्वीपसमूहाकडे गेले. त्यांनी कॅमेरा लावलेले दूरनियंत्रित यंत्र पन्नास मीटरहून खोल सोडले. तिथे दोन लाल ड्रॅगन दिसले. सुमारे अर्धा तास त्यांचे चित्रण झाले. त्या अर्ध्या तासात जे कळले ते बरणीतल्या शंभर वर्षांत कळले नव्हते. त्यांच्या अंगावर पानांसारखे पडदे नव्हतेच. आणि त्यांची शेपटी समुद्रघोड्यासारखी पुढे वळलेली होती, पकड घेता येईल अशी.

असे का? जागा पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. उथळ शेवाळात पानांचे सोंग उपयोगी. खोल तळावर शेवाळ नाही, स्पंज आहेत. तिथे सोंगाचा उपयोग नाही, पण लाटांच्या हेलकाव्यात धरून राहायला पकड घेणारी शेपटी कामाची. आणि लाल रंग? वर तो भडक दिसतो. खाली जिथे लाल प्रकाश पोहोचतच नाही, तिथे लाल अंग काळे दिसते, म्हणजे दिसतच नाही. बरणीत जे कोडे होते ते तळावर साधे वाक्य झाले. सरांचा प्रश्नच पुन्हा ऐकू येतो: कुठल्या दगडाखाली होता?

याची उलट बाजूही सांगतो. सापासारखा लांब एक नळीमासा ईशान्य अटलांटिक महासागरात राहतो. २००३ नंतर काही वर्षे त्याची संख्या अचानक खूप वाढली. ब्रिटनच्या कड्यांवर घरटी करणारे समुद्रपक्षी ते मासे चोचीत धरून पिल्लांना भरवू लागले. पण हाडांच्या कड्यांचे ते कडक अंग पिल्लांच्या गळ्याखाली उतरेना. घरट्यांत न खाल्लेल्या नळीमाशांचे ढीग साचले आणि काही पिल्ले गुदमरून मेली. माशाचे ते चिलखत शत्रूपासून बचावासाठी होते, पक्ष्याची चोच मऊ माशांसाठी होती. दोघांपैकी कुणीही चुकले नव्हते. घडी विस्कटली ती जागेची.

आपल्या देशाने या कुळाची दखल घेतली आहे. २००१ साली समुद्रघोडे आणि नळीमासे यांचे संपूर्ण कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच या काडीला मिळाले. जगभर यांना औषधासाठी वाळवून विकले जाते. त्या व्यापाराला आळा घालण्याच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते. पण कोकणातल्या एका बंदराच्या धक्क्यावर मी एक दृश्य पाहिले, ते विसरता येत नाही. ट्रॉलरमधून मासळी उतरत होती. सुरमई, म्हाकूळ, कोळंबी वेगळी काढून झाल्यावर उरलेला ढीग खतासाठी आणि कोंबडीखाद्यासाठी बाजूला लोटला होता. त्या ढिगात शेवाळ, फुटके शंख, बोटाएवढी पिल्ले आणि त्यांच्यात अडकलेली एक कडक, कंगोऱ्यांची काडी. तिचे तोंड नळीसारखे होते. ती कुणी पकडायला गेले नव्हते. तिच्या पायाखालची जमीनच जाळ्याने खरवडून वर आणली होती आणि ती त्या जमिनीबरोबर आली होती. कायदा त्या माशाच्या नावावर होता. तळाच्या नावावर कुणी काही लिहिलेले नव्हते.

आणि इथेच मला समुद्रावरून घोडनदीवर परत यायचे आहे.

मघाशी म्हटले की या माशाचे आणि आपल्या नदीचे एक नाते आहे. भीमेत आणि तिच्या उपनद्यांत एक लांबट, काडीसारखा, पुढे लांब चोच असलेला मासा आहे. संथ पाण्यात तो अगदी पृष्ठभागाखाली निश्चल तरंगतो. तुमच्यापैकी नदीकाठच्या सर्वांनी तो पाहिला असेल. विल्यम हेन्री साईक्स यांनी १८३९ साली त्याचे वर्णन केले तेव्हा नाव दिले बेलोन ग्राई. बेलोन! ॲरिस्टॉटलने नळीमाशासाठी वापरलेली ग्रीक सुई पुढच्या शास्त्रज्ञांनी चोचवाल्या माशांच्या कुळाला दिली आणि ती फिरत फिरत आपल्या दख्खनच्या माशापर्यंत आली. हॅमिल्टन यांनी १८२२ सालीच गंगेतून त्याचे वर्णन केलेले असल्याने आज त्याचे मान्य नाव झेनेंटोडॉन कॅन्सिला असे आहे. नळीमाशाशी त्याचे रक्ताचे नाते जवळचे नाही. नळीमाशाचे जबडे जुळून नळी झालेली, याचे जबडे उघडतात आणि दातांनी भरलेले असतात. नळीमाशाचा बाप अंडी अंगावर वाहतो. याची मादी अंडी पाणवनस्पतीला बारीक धाग्यांनी अडकवून ठेवते. म्हणजे एकाने आपल्या अंगालाच आडोसा केले, दुसरा काठावरच्या वनस्पतीवर विसंबून राहिला. काठाची वनस्पती गेली तर त्याची अंडी कशाला अडकायची?

साईक्स कोण होते हे शिरूरकरांनी जाणून घ्यायला हवे. कंपनी सरकारचे हे लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत हिंडत होते. शेती, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद हे त्यांचे काम. पण वाटेत दिसलेला पक्षी, प्राणी, मासा ते टिपून ठेवत. एका चंडोलाला आजही त्यांचे नाव आहे. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवर जो निबंध ठेवला, त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नवीन होत्या. त्या निबंधात ठिकाणे कोणती आहेत? पुण्याची मुळा-मुठा. चाकणजवळची इंद्रायणी. भीमेवरचे पैरगाव, म्हणजे दौंडच्या शेजारचे आपले पेडगाव. कळंबजवळची घोड नदी. आणि शिरूरजवळची घोड नदी.

साईक्सने आणखी एक गोष्ट केली, तिच्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. नवे लॅटिन नाव बनवताना त्यांनी कित्येकदा इथल्या लोकांच्या तोंडचा शब्दच घेतला. इंद्रायणीतल्या एका माशाचे नाक मध्येच दबलेले असते. इथल्या माणसाने सांगितले नकटा, साईक्सने लिहिले नुक्ता आणि जगभरच्या ग्रंथांत आज तो मासा शिस्माटोऱ्हिंकस नुक्ता म्हणून आहे. शिंगटीचे सींगटी झाले. कोलस, पोटैल, टाकरी, घोगरा ही नावेही त्याच वाटेने गेली. ज्यांनी ही नावे सांगितली त्या मच्छीमारांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. पण त्यांचे ज्ञान लॅटिनमध्ये कायमचे कोरले गेले.

आता शिरूरचा मासा. साईक्सने घोड नदीतून एका मोठ्या माशाचे वर्णन केले आणि नाव दिले बार्बस मुसुल्ला. त्यांनी पाहिलेला नमुना टिकला नाही. हाती उरले थोड्या ओळींचे वर्णन. मग सुरू झाला गोंधळ. कुणी म्हणाले हा महसीर, कुणी म्हणाले दुसरेच काही. पावणेदोनशे वर्षे हा वाद चालला. २०१३ मध्ये अभ्यासकांनी सगळे पुरावे तपासून हा मासा हिप्सेलोबार्बस या गटातला असल्याचे ठरवले. पण या वादात मला खटकते ते वेगळेच. एवढा वाद मिटवायला सर्वांत सोपा मार्ग कोणता होता? शिरूरच्या डोहात जाळे टाकायचे आणि साईक्सने जो मासा पाहिला तो पाहायचा. तो मार्ग आता बंद झालेला आहे. आपल्या गावाचा पत्ता घेऊन जगभर गेलेला मासा आपल्या गावच्या पत्त्यावर भेटत नाही. खोल समुद्रातल्या नळीमाशाप्रमाणे तोही पुस्तकातलाच मासा झाला. फरक इतकाच, की नळीमासा २०० मीटर पाण्याखाली आहे म्हणून दिसत नाही. हा मासा गुडघाभर पाण्यात होता.

काय झाले? टाकळी हाजीजवळ घोडेला मिळणाऱ्या कुकडी नदीचे रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. निघोजला जाणारा प्रत्येकजण ते पाहतो, फोटो काढतो. कधी त्यांच्याकडे माशाच्या डोळ्यांनी पाहा. आपल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात धाग्याएवढ्या. अशा नदीत मासा टिकायचा तर त्याला एप्रिल-मेमध्ये लपायला खोल पाणी हवे. खडकात पाण्याने कोरलेले रांजण आणि डोह ही ती जागा. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे वर चढायचे, वाळू-गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालायचे आणि पाणी ओसरले की पुन्हा डोहात उतरायचे. डोह, वाळू आणि वाहते पाणी या तीन गोष्टींवर भीमा-घोडेचा मासा उभा होता.

या तिन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत गेल्या. घोडेवर वर डिंभे, खाली चिंचणी अशी धरणे झाली. त्यांनी आपल्या शेतांना पाणी दिले, या सभागृहातल्या अनेकांचे शिक्षण त्याच पाण्यावर झाले, माझेही. त्याचे ऋण मी विसरत नाही. पण वर चढणाऱ्या माशाची वाट तिथे थांबली. १९८० साली उजनी झाले आणि त्याचे फुगवट्याचे पाणी दौंड तालुक्याच्या गावांपर्यंत आले. वाहत्या नदीचे तळे झाले. चिलापी माशाला तळे मानवते, आणि आज भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा, पाटीत काय दिसते. चिलापीने अनेक घरांच्या चुली पेटवल्या हेही खरे. पण ती आपल्या नदीची नाही आणि तिने जुन्या माशांची जागा भरून काढलेली नाही. मुळा-मुठेतून शहराचे पाणी भीमेत येते आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा घेऊन येते. गालिच्याखाली उजेड नाही, प्राणवायू नाही.

आणि वाळू. याबद्दल मी स्पष्ट बोलतो, कारण सर बोलले असते. भीमेच्या आणि घोडेच्या पात्रातून यांत्रिक बोटी पंप लावून वाळू ओढतात. रात्रीचा तो आवाज नदीकाठच्या गावांना पाठ आहे. महसूल खाते बोटी जाळते, पुन्हा नव्या येतात. आपण त्याकडे महसुलाचा, फार तर विहिरींच्या पाण्याचा प्रश्न म्हणून पाहतो. कोकणच्या धक्क्यावर मी पाहिलेली ती काडी आठवा. तिथे जाळ्याने तळ खरवडला, इथे पंपाने तळ ओढला. दोन्हीकडे माशाला कुणी हात लावला नाही. फक्त त्याचे घर पायाखालून काढून घेतले.

मग करायचे काय? धरणे पाडा असे मी म्हणणार नाही. आपल्या हातात आहे तेवढेच मागतो.

दर उन्हाळ्यात पाणी धरून राहणारा एक तरी डोह प्रत्येक नदीकाठच्या गावात आहे. त्याला ग्रामसभेने अभय द्यावे. त्या डोहातून वाळू काढायची नाही, मे महिन्यात त्यात मोटार टाकून तळ कोरडा करायचा नाही, आणि पावसाच्या पहिल्या पाण्यात अंगात अंडी असलेला मासा धरायचा नाही. आपल्याकडे देवाच्या नावाने राखलेले डोह आहेत. आळंदीच्या इंद्रायणीत, देहूच्या काठी मासे राखण्याची रीत लोकांना माहीत आहे. ही रीत नवी नाही, फक्त वाढवायची आहे. बंदी असलेला परदेशी मांगूर शेततळ्यात पाळून तो पुराबरोबर नदीत जाऊ देणे थांबवायचे आहे. तो आला की उरलेले जुने मासेही जातील.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, परवानगी लागत नाही. वही घ्या आणि आपल्या गावातल्या वयस्कर भोई आजोबांकडे, मामांकडे जा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात माशाचे नाव, त्यांच्या तोंडात आहे तसेच. दुसऱ्या रकान्यात तो कुठे सापडायचा: खडकात, वाळूत, गवतात, ओढ्याच्या तोंडाशी. तिसऱ्या रकान्यात तो शेवटचा कधी पाहिला. साईक्सने पहिला रकाना भरला. दुसरा थोडा भरला. म्हणूनच आपण इतकी वर्षे एका माशावरून भांडत बसलो. दुसरा रकाना भरू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, पण ती ऐंशीच्या घरात आहेत.

सुरुवातीला ज्या बरणीबद्दल बोललो, तिच्यावर एक चिठ्ठी होती. 'नळीमासा' एवढेच तिच्यावर लिहिलेले होते. कुठून आला, किती खोल पाण्यातून, कोणत्या साली, कुणी आणला, काही नाही. निवृत्तीपूर्वी मी त्याची जात ठरवण्याचा खूप प्रयत्न केला. कडी मोजली, पंखांतले काटे मोजले. ठिकाणाशिवाय शेवटच्या पायरीवर अडकलो. तो मासा वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना दाखवला गेला आणि तरी तो काय आहे हे सांगता आले नाही, कारण ज्याने तो आणला त्याला कुणी सरांचा प्रश्न विचारला नव्हता.

घोडनदीच्या माशांचे असे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. तीन रकान्यांची ती वही पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर कुणी विद्यार्थ्याने वाचून दाखवावी. ते व्याख्यान आजच्या माझ्या व्याख्यानापेक्षा मोलाचे असेल आणि सरांना ते अधिक आवडेल.